मागे जाणाऱ्या शब्दांचा खोका

अरविंद सरांना मेंदूचा झटका आला आणि त्यात त्यांचं मराठी गेलं, इंग्रजी राहिलं. तेही सगळं नाही, चार-दोन डझन शब्द. 'वॉटर', 'नो', 'लाइट', 'टू हॉट', आणि सगळ्यांत ठणठणीत राहिलेलं 'थँक यू'. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. दोन भाषा असलेल्या माणसाची कधी ही आधी परत येते, कधी ती, कधी दोन्ही येत नाहीत, असं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले. पण सीवूड्सच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अरुणाबाईंना मात्र कोणी परका माणूस राहायला आल्यासारखं झालं. चहाचा कप हातात दिला की 'थँक यू'. उशी सरळ केली की 'थँक यू'. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी बायकोचे कधी आभार मानले नव्हते आणि बाईंचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. आता ते दिवसातून वीस वेळा मानत, आणि वीसही वेळा बाई लगबगीने ओट्याकडे निघून जात.

कळत सगळं होतं हो. "अहो, खिडकी लावू का?" म्हटलं की मान हलायची. टीव्हीवर कोणी चुकीचं मराठी बोललं की कपाळाला आठी पडायची. उजवा हात आणि उजवा पाय जड झाला होता, तोंड एका बाजूने थोडं ओढलं होतं, पण नजर तीच होती, छत्तीस वर्षं वाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या मास्तरची. फक्त आतलं बाहेर येत नव्हतं. रविवारी लेक ईश्वरी यायची. ती आणि वडील इंग्रजीत दोन-दोन शब्दांचं काहीबाही बोलत, हसतसुद्धा, आणि अरुणाबाई ओट्याशी उभ्या राहून ते ऐकत. त्या देवरुखच्या मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. मॉलमधल्या पाट्या वाचता येत, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येई. पण नवऱ्याशी बोलायला इंग्रजी लागेल असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आणि त्यांना नवऱ्याला एक गोष्ट विचारायची होती. तीच तर खरी टोचणी होती. ती विचारायची एक्केचाळीस वर्षं राहून गेली होती.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. राजापूरहून अरविंद आपल्या आईला घेऊन देवरुखला मुलगी बघायला आले, पोहे खाल्ले, अरुणाला "वाचन आवडतं का?" एवढा एकच प्रश्न विचारला आणि गेले. त्यानंतर चाळीस दिवस काही निरोप नाही. नकार नाही, होकार नाही. वडील रोज पोस्टमनची वाट बघत आणि अरुणा वडिलांच्या तोंडाकडे बघे. चाळिसाव्या दिवशी होकाराचं पत्र आलं. हळदीच्या दिवशी मामेबहिणीने कानाशी लागून खुलासा केला. रत्नागिरीला दुसरी मुलगी बघून ठेवली होती म्हणे, बँकेत नोकरी असलेली. घणसोली गावातल्या भाड्याच्या एका खोलीत राहायला लागेल हे कळल्यावर तिने नाक मुरडलं. "तिने नाही म्हटलं म्हणून तुझा नंबर लागला हो," असं म्हणून मामेबहिणीने गालाला हळद लावली. काही माणसांना शुभ कार्यात असलंच बोलायला सुचतं.

तेव्हापासून अरुणाबाईंच्या मनात ते बसलं होतं. संसार वाईट झाला असं मुळीच नाही. सर मनाने चांगले, हात उचलणारे नाहीत, व्यसन म्हणाल तर पुस्तकांचं. पण कधी सरांनी पानातलं काही न बोलता बाजूला सारलं, कधी एखादा वाढदिवस विसरला, की बाईंच्या मनात ती रत्नागिरीची बँकवाली पदर खोचून उभी राही. विचारावं म्हटलं तर सुरुवातीला घणसोलीच्या एका खोलीत सासूबाई तिसऱ्या. मग ईश्वरी झाली. मग सीवूड्सचं घर झालं, आणि पन्नाशीनंतर असं काही विचारणं म्हणजे पोरखेळ वाटायला लागला. सासूबाई जाऊनही अकरा वर्षं झाली. आज नाही उद्या विचारू म्हणता म्हणता उत्तर देणाऱ्याचीच वाचा बसली. आता ते उत्तर आत कुठेतरी होतं आणि कदाचित तिथेच राहणार होतं, या विचाराने बाईंना दुपारची झोप लागत नसे.

आठवड्यातून दोनदा शायमा यायची, खांदेश्वरहून. वाचेचे व्यायाम घेणारी, तिशीची, घर मूळ म्हसळ्याचं, वडिलांचं पनवेलला भांड्यांचं दुकान. ती सरांसमोर चित्रं धरायची. केळं, कंगवा, कुत्रा. सर चित्राकडे बघत आणि मोठ्या कष्टाने म्हणत, "डॉग." शायमा म्हणायची, "मराठीत, काका?" मग सर डोळे मिटून घेत.

"काकू, टेन्शन नका घेऊ," तिसऱ्या महिन्यात एकदा ती जाताना म्हणाली, "पण या केळ्या-कंगव्यात काकांचा जीवच नाय. त्यांना मनापासून काय आवडतं? म्हणजे तासन् तास काय करायचे ते?"

अरुणाबाईंनी कपाटावरचा चपलांचा खोका खाली काढला.

निवृत्तीनंतरची आठ-नऊ वर्षं सर या खोक्यात होते असं म्हटलं तरी चालेल. माणूस निवृत्त झाला की बाग करतो, भजनाला जातो, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. सरांनी इंग्रजीतले मागे जाणारे शब्द जमवले. म्हणजे 'बॅक'ला दुसरा शब्द जोडून झालेले, मागे फिरण्याचे, घसरण्याचे, उलट चालण्याचे जोडशब्द. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. शब्द कुठल्या धंद्यात जन्मला, कधी, आणि पुढे कुठे कुठे फिरला. मराठी मुलांसाठी त्याचं छोटं पुस्तक करायचं होतं. कार्डं म्हणजे काय, तर लग्नपत्रिका. सरांच्या घरात पाठकोरा कागद टाकून देणं हे पाप होतं, त्यामुळे एका बाजूला 'चि. सौ. कां.' आणि दुसऱ्या बाजूला 'बॅकस्लाइड' असा सगळा थाट. बाईंनी खोक्यावरची धूळ शेकडो वेळा पुसली होती, पण एकही कार्ड कधी वाचलं नव्हतं. सरांनी वाचायला दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही.

"हे वाचून दाखवा त्यांना," शायमा म्हणाली. "रोज. तुमीच वाचा."

"मला कुठे गं येतंय एवढं इंग्रजी!"

"शब्दच तेवढा इंग्रजी हाय, काकू. बाकी सगळं मराठीत लिहिलंय की."

खरंच की. बाईंना आपलंच हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली की वाचन सुरू झालं. सर खुर्चीत, बाई समोर वेताच्या मोड्यावर, चष्मा नाकावर. पहिलं निघालं 'बॅकस्लाइड'. सोळाव्या शतकातला, चर्चमधला. धर्माच्या वाटेवरून मागे घसरणाऱ्याला पाद्री या शब्दाने झोडपत. बाईंनी ते एखादी पोथी वाचावी तसं संथ वाचलं. सर ऐकत होते की नाही कळेना. मग 'बॅकपेडल' निघालं. सरांनी लिहिलं होतं, 'सायकलीचा शब्द. एकोणिसाव्या शतकाची अखेर. त्या काळच्या सायकलींचं पायडल मोकळं फिरत नसे. चाक फिरलं की पाय फिरलेच पाहिजेत. वेग आवरायचा तर पायडलवर उलटा जोर द्यायचा, तोच ब्रेक. पुढे हा शब्द मुष्टियोद्ध्यांनी घेतला, मागे सरत सरत लढण्यासाठी. तिथून तो पुढाऱ्यांना मिळाला, दिलेला शब्द फिरवण्यासाठी.'

चष्म्याचा नंबर वाढला होता आणि सरांचं अक्षर जन्मजात किरटं. बाईंनी वाचलं, "अठराव्या शतकाची अखेर."

"चूक."

बाईंनी मान वर केली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सर स्वतःच इतके दचकले होते की त्यांचं डाव्या हाताचं बोट हवेत तसंच राहिलं होतं, वर्गात राहायचं तसं.

"काय म्हणालात? अहो, काय म्हणालात आत्ता?"

"चूक," सर पुन्हा म्हणाले. मग तोंडातल्या तोंडात त्या शब्दाची चव घेत, तिसऱ्यांदा, "चूक."

तीन महिन्यांत नवरा मराठीत पहिल्यांदा बोलला आणि बोलला ते हे! बाईंना राग यायला हवा होता. त्या पदराने डोळे पुसत बसल्या.

शायमाला फोनवर सांगितलं तर ती ओरडलीच. "मास्तर ना ते! आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा बोललेला शब्द हा असणार. घासून घासून गुळगुळीत झालेले शब्द राहतात आत. पण काकू, कसं केलंत तुमी हे?"

"मी कुठे काय केलं? माझं वाचताना चुकलं."

"मग अजून चुका की!"

असा एक नवाच उद्योग अरुणाबाईंच्या मागे लागला. वाटतं तितकं ते सोपं नाही. धडधडीत आचरट काही बोललं, म्हणजे सायकल शिवाजी महाराजांच्या काळातली, तर सर नुसते बघत आणि तोंड फिरवत. चूक बारीक हवी, पोटातल्या मास्तरला चावा घेणारी. अभ्यास करून चुकणारा विद्यार्थी कसा शिक्षकाला जास्त छळतो, तशी. मग बाई सकाळी भाजी चिरताना चुका ठरवून ठेवू लागल्या. आज शतक चुकवायचं, उद्या धंदा चुकवायचा, परवा शब्दाचा क्रम उलटा सांगायचा. आणि नुसतं 'चूक' म्हणून मास्तरचं समाधान थोडंच होतं? बरोबर काय ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आठवड्याने 'चूक'च्या मागून 'सायकल' आलं. पंधरा दिवसांनी 'आधी' आणि 'नंतर' आले. महिन्याभराने एक दिवस बाईंनी चहात साखर जास्त घातली तेव्हा सर म्हणाले, "गोड." 'टू स्वीट' नाही. गोड. त्या दिवशी बाईंनी तो गोडमिट्ट चहा स्वतः पिऊन टाकला आणि ईश्वरीला दोनदा फोन केला.

चुका करता करता बाईंना खोका आवडायला लागला, हे मात्र कोणाच्या हिशेबात नव्हतं. घोड्याचे, होडीचे, शिकाऱ्याचे, टाइपरायटरचे शब्द. सरांनी एका कार्डावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं, 'यातले बरेच शब्द आधी कामाचे होते. नावाड्याने होडी मागे घेणं, सायकलवाल्याने वेग आवरणं. मागे येणं हे कसब होतं. कामाच्या माणसांच्या हातून ते बोलक्या माणसांच्या तोंडी गेलं आणि मग त्याची शिवी झाली.' बाईंनी ते दोनदा वाचलं, बिनचूक. हा माणूस घरात कधी असं बोलला नव्हता. निदान त्यांच्याशी तरी.

एकदा 'बॅकस्टिच' निघालं. शिंपीकामाचा शब्द, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. खाली सरांचं स्पष्टीकरण, 'सुई जितकी पुढे जाते तितकीच मागे येते.' त्या दिवसाची ठरवलेली चूक बाजूलाच राहिली. तीस वर्षं सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचा हात थबकला.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

सरांनी भुवई वर केली.

"तितकीच मागे आली तर ती जागच्या जागी नाही का राहणार? दोरा पुढे सरकणार कसा?" बाई उठल्या, सुईदोरा आणि चिंधी घेऊन आल्या. "हे बघा. वर एक टाका मागे घ्यायचा. खालून दोन टाके पुढे निघायचं. परत एक मागे. वरून दिसतं मागे चाललीय, आणि शिवण जाते पुढे. आणि उसवत नाही अशी सहजासहजी. मशीन नव्हतं तेव्हा सगळं असंच शिवत. काय हो, घरात शिवणारी बाई असताना तुम्ही हे लायब्ररीत शोधत बसलात? मला हाक मारली असती तर मी दोन मिनिटांत दाखवलं असतं."

सरांनी चिंधी डाव्या हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग कार्ड मागितलं, पेन मागितलं, आणि डाव्या हाताने वेडीवाकडी रेघ मारून ती ओळ खोडली.

"चूक," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "माझी."

बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी उगाचच कुकर लावला.

आता विचारायला काय हरकत होती? सरांकडे पन्नास-साठ मराठी शब्द जमले होते. दोन शब्द जोडताही येत होते. पण अरुणाबाई रोज तोंडाशी आलेला प्रश्न गिळू लागल्या. त्याचं कारण त्यांनी शायमालाही सांगितलं नाही. या घरात आता एक नियमच होऊन बसला होता. चुकलं की सर बोलत, आणि बरोबर असलं की गप्प राहत. समजा ती सगळी कहाणी आपण सांगितली, बँकवालीच्या नकारासकट, आणि सर गप्प राहिले तर? तर ते उत्तरच झालं की. एक्केचाळीस वर्षं संशय होता तोवर त्यात थोडी फट तरी होती. ती बुजली की त्रेसष्टाव्या वर्षी त्या खात्रीचं करायचं काय? त्यापेक्षा सायकली आणि होड्या बऱ्या.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी खोक्यातून 'बॅकट्रॅक' निघालं. शिकारीतला शब्द. कुत्रे मागे लागले की कोल्हा आपल्याच पावलांवरून उलटा फिरतो, त्यांना चकवायला. सरांनी खाली टीप दिली होती, 'मागे फिरणारा प्रत्येक जण पळपुटा नसतो. तो का फिरला हे पावलांवरून कळत नाही. त्याला विचारावं लागतं.'

बाईंनी कार्ड खोक्यात ठेवलं. झाकण लावलं.

समोर ताटात भिजवून मोड आणलेले वाल होते. सर डाव्या हाताने एकेक दाणा सोलत. बोटांना तेवढाच व्यायाम, आणि बिरड्याची उसळ त्यांच्या जिवाची. बाईही सोलायला बसल्या. हात कामात असला की जीभ धीट होते.

"आज कार्डातलं नको," त्या म्हणाल्या. "मी एक गोष्ट सांगते. ऐका. एक मास्तर होता राजापूरचा. नोकरी वाशीला, राहायला घणसोलीत. मे महिन्याच्या सुट्टीत तो देवरुखला एक मुलगी बघायला गेला."

सरांचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"पोहे खाल्ले. वाचन आवडतं का, विचारलं. मुलगी म्हणाली, आवडतं. खोटंच बोलली ती, तिला शिवण आवडायचं. मग तो निघून गेला आणि चाळीस दिवस त्याचा पत्ता नाही. कारण त्याला आवडली होती रत्नागिरीची मुलगी. ती बँकेत होती. पण तिने नकार दिला." बाईंनी एक दाणा सोलायला तीन दाण्यांचा वेळ घेतला. "तिने नकार दिला, म्हणून तो देवरुखच्या मुलीकडे मागे फिरला. झाली गोष्ट."

सर गप्प होते.

खाली आवारात कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. बाईंनी ताटावरची नजर वर केली नाही. सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला. सर गप्पच होते. ठीक आहे, बाईंनी मनाशी म्हटलं. कळलं एकदाचं. आपणच खाजवून खरूज काढली. आता उठावं, कांदा चिरायला घ्यावा, म्हणजे डोळ्यांना निमित्त होईल. त्या गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या.

"चूक."

त्या अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या.

"काय चूक? देवरुख?"

"नाही."

"चाळीस दिवस नव्हते?"

"होते." सरांचा चेहरा लाल झाला होता. ओठ काहीतरी शोधत होते. इतका वेळ ते गप्प नव्हतेच, शब्द जमवत होते, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. "नकार," सर म्हणाले. आणि डावा हात स्वतःच्या छातीवर आपटला. "मी."

"तुम्ही? तुम्ही नकार दिलात? कोणाला?"

"बँक."

बाई मटकन खाली बसल्या.

"आई," सर म्हणाले. "आई... बँक. बँक. बँक." हाताने त्यांनी तो धोशा दाखवला, सकाळ, दुपार, संध्याकाळ. "मी... बोललो नाही."

"कोणाशी बोलला नाहीत?"

"आई. सुट्टी." बोटाने त्यांनी ताटाभोवती एक मोठं वर्तुळ काढलं. "पूर्ण."

अरुणाबाईंना सासूबाई आठवल्या. कडक, जपमाळ घेऊन बसलेल्या. त्या बाईशी तिच्या एकुलत्या एका मुलाने अख्खी मे महिन्याची सुट्टी अबोला धरला होता. पाटावर समोरासमोर जेवायला बसून, एकाच छपराखाली, चाळीस दिवस. आणि शाळा उघडायला आली तेव्हा कधीतरी त्या माउलीने हात टेकले आणि देवरुखला पत्र गेलं.

"का पण?" बाईंनी विचारलं. "का बोलला नाहीत?"

सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की छत्तीस वर्षांत वर्गातल्या ढ मुलांकडेही तसं पाहिलं नसेल.

"तू," ते म्हणाले. "तू पाहिजे."

बाईंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. रडून झाल्यावर त्यांना रागही आला, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"मग मला सांगायला काय झालं होतं हो? एक्केचाळीस वर्षं मी ती बँकवाली उराशी घेऊन फिरतेय!"

"आई होती," सर म्हणाले.

होत्या खऱ्या. घणसोलीच्या खोलीत होत्या, इथे आतल्या खोलीत होत्या, शेवटी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. बाईंनी त्यांची वेणी घातली होती, त्यांना भरवलं होतं, आणि शेवटच्या वर्षी त्या फक्त बाईंच्याच हातून औषध घेत. या बाईने आपल्याला नको म्हटलं होतं हे ठाऊक असतं तर आपण ते तितक्या मोकळ्या मनाने केलं असतं का? अरुणाबाईंनी स्वतःला खरं विचारलं, आणि खरं उत्तर काही फार चांगलं नव्हतं. सरांनी तेव्हा तोंड मिटलं ते दोघींसाठी मिटलं होतं.

"पण आईंना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर?"

सरांनी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला.

"विसरलो," ते म्हणाले.

आता मात्र बाईंना हसू फुटलं. हसता हसता पुन्हा रडू आलं आणि पदराला वालाची सालं चिकटली. ज्याने त्यांचं आयुष्य कुरतडलं ते या माणसाच्या लेखी चौऱ्याऐंशीच्या जूनमध्येच निकालात निघालं होतं! जिंकलेल्या भांडणाचा डंका पिटायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसून नाकावर ठेवला. ताट जवळ ओढलं. आणि शक्य तितका साधा चेहरा करून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नीट लक्षात आलं. आईंना मी पसंत होते आणि तुम्हाला बँकवाली हवी होती. असंच ना?"

सरांचं बोट सवयीने वर गेलं. अर्ध्यावर थांबलं. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, आणि ओठांची जी बाजू हलत होती ती हळूहळू वर गेली.

"मुद्दाम," ते म्हणाले.

बाईंना घामच फुटला. "काय मुद्दाम?"

"सगळं." त्यांनी खोक्याकडे हात केला. "सायकल. शतक. साखर."

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

सरांनी हातातला दाणा ताटात टाकला, खुर्चीत जरा सावरून बसले, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, "चूक. आई... बँक."

अरुणाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि ऐकत बसल्या.